कावळा बसला आणि फांदी मोडली



आजच्या भाषणाचा विषय ऐकायला जरा जड आहे. सहसंबंध आणि कार्यकारणभाव, असे त्याचे नाव. पण नाव जड असले तरी गोष्ट आपल्या घरातलीच आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असे आपण उठल्याबसल्या म्हणतो. संस्कृत पंडितांनी हिलाच काकतालीय न्याय म्हटले आहे. कावळा ताडावर बसतो, त्याच घटकेला ताडाचे फळ खाली पडते, आणि पाहणारा म्हणतो, कावळ्याने पाडले! ही म्हण आपल्याला पाठ आहे. पण गंमत अशी, की दुसऱ्याची चूक दाखवताना ती आपल्याला चटकन आठवते आणि स्वतः चूक करताना नेमकी आठवत नाही. मी स्वतः ती कशी विसरलो, ते आधी सांगतो. म्हणजे पुढचे बोलायला मला थोडासा अधिकार येईल.

मला महाविद्यालयात नोकरीला लागून दोन-तीन वर्षे झाली होती. यवतमाळ जिल्ह्यातल्याच एका गावी, शाळेच्या ओट्यावर, संध्याकाळी सभा होती. विषय होता शेतकऱ्यांच्या आत्महत्या. मी शाळेतला फळा बाहेर आणवला आणि त्यावर खडूने दोन रेघा काढल्या. एक रेघ बीटी कापसाच्या क्षेत्राची. भारतात या बियाण्याला २००२ च्या मार्चमध्ये परवानगी मिळाली आणि त्यानंतर त्याचे क्षेत्र वर्षागणिक वाढत गेले. दुसरी रेघ पश्चिम विदर्भात नोंदल्या गेलेल्या आत्महत्यांची. तीही त्या वर्षांत चढतच होती. मी मोठ्या तावातावाने म्हणालो, "पाहा, या दोन रेघा हातात हात घालून वर चढतात. आणखी कोणता पुरावा पाहिजे?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला बरे वाटले.

तेवढ्यात डोक्याला रुमाल बांधलेले एक आजोबा उठले. म्हणाले, "सर, हे सरकी तं माह्या शेजाऱ्यानंबी लावली होती. गावात समद्याईनंच लावली होती. त्याईच्या घरी तसं काई झालं नाई. मंग त्याईचा हिशेब तुमच्या फळ्यावर कोठी हाये?"

श्रोतेहो, माझ्यापाशी उत्तर नव्हते. एम.ए.ला मी संख्याशास्त्राची प्रश्नपत्रिका सोडवली होती, गुणही चांगले पडले होते. पण त्या शास्त्राचा जो गाभा, तो मला अंगठा उठवणाऱ्या त्या आजोबांनी एका प्रश्नात शिकवला. आजचे हे भाषण म्हणजे त्यांच्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजा.

आता ऐकता ऐकता पाटीवर किंवा जमिनीवर एक उभी आणि एक आडवी रेघ मारा. चार खण झाले. पहिल्या खणात अशी घरे, जिथे ते बियाणे लावले आणि दुर्दैवाची घटनाही घडली. दुसऱ्या खणात, बियाणे लावले पण घटना घडली नाही. तिसऱ्यात, बियाणे लावले नव्हते तरी घटना घडली. आणि चौथ्यात, बियाणेही नाही आणि घटनाही नाही. आपल्या डोळ्यांपुढे नेहमी येतो तो पहिलाच खण. वर्तमानपत्रात बातमी त्याचीच येते, पारावर चर्चा त्याचीच होते. फांदी मोडली त्या दिवशीचा कावळा सर्वांच्या लक्षात राहतो. हजार कावळे बसून उडून गेले आणि फांदी जागची हलली नाही, त्याची नोंद कोण ठेवतो? आजोबा मला दुसऱ्या खणाबद्दल विचारत होते. आणि तिसरा खणही रिकामा नव्हता. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने १९ मार्च १९८६ रोजी जगाचा निरोप घेतला. त्या दिवसाच्या स्मरणार्थ दरवर्षी १९ मार्चला पुष्कळ लोक अन्नत्याग करतात. बीटीचे बियाणे देशात यायला त्या वेळी अजून सोळा वर्षे अवकाश होता. एका घटनेवरून सिद्धांत निघत नाही, हे खरे. पण दुःख आधीचे आणि बियाणे नंतरचे, एवढे तरी त्यावरून कळते.

चारही खण भरल्याशिवाय दोन गोष्टींचा संबंध आहे की नाही हेच सांगता येत नाही. आणि चारही भरले, संबंध आहे असे दिसले, तरी काम संपत नाही. खरे काम तेथून सुरू होते.

दोन गोष्टी बरोबरीने वाढतात, किंवा एक वाढली की दुसरी घटते, याला शास्त्रात सहसंबंध म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन आणि कार्ल पिअर्सन यांनी हा संबंध आकड्यात मोजायची रीत बसवली. तो आकडा उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यान असतो. शून्याजवळ असला तर सरळ रेषेतला संबंध नाही, एकाजवळ असला तर घट्ट संबंध आहे. पण हा आकडा सांगतो काय? तर दोघे बरोबर चालले आहेत, एवढेच. कोण कोणाला चालवतो, हे तो सांगत नाही. रस्त्याने बैलबंडी चालली आहे. दोन्ही बैल एका चालीने चालतात, एक थांबला की दुसराही थांबतो. म्हणून एक बैल दुसऱ्याला चालवतो असे आपण म्हणतो का? नाही. दोघांच्या मानेवर जू एक आहे, आणि कासरा तिसऱ्याच्याच हातात आहे.

म्हणून सहसंबंध दिसला की तीन-चार शंका मनात आणायची सवय लावावी.

पहिली शंका: गाडी उलटी तर जुंपली नाही ना? उन्हाळ्यात ज्या गावांत पाण्याचे टँकर जास्त येतात, त्याच गावांत पाण्याची टंचाई जास्त असते. हा सहसंबंध अगदी पक्का आहे. पण म्हणून टँकर बंद करा म्हणजे टंचाई हटेल, असे कोणी म्हटले तर गावातले शेंबडे पोरही हसेल. टंचाई आहे म्हणून टँकर येतो. येथे उलटेपण उघड दिसते, म्हणून आपण हसतो. जेथे उघड दिसत नाही, तेथे मात्र मोठमोठी माणसे फसतात.

दुसरी शंका: दोघांच्या मागे तिसरे कोणी आहे का? गुरुजी, तुमच्या शाळेत पहिली ते सातवीच्या सर्व मुलांच्या चपलांची मापे घ्या आणि त्यांना वाचायला उतारा द्या. ज्याची चप्पल मोठी त्याचे वाचन चांगले, असेच निघेल. म्हणून मुलांना मोठ्या चपला आणून दिल्या तर वाचन सुधारेल काय? वय वाढले की पाय वाढतो आणि वय वाढले की वाचनही वाढते. एकेक वर्ग वेगळा काढून पाहा, म्हणजे पुष्कळसा संबंध नाहीसा झालेला दिसेल.

तिसरी शंका: माणसे आपोआप निवडली गेली आहेत का? शाळेत जादा तासाला बसणाऱ्या मुलांना परीक्षेत जास्त गुण पडतात. हा जादा तासाचा प्रताप असेलही. पण जादा तासाला थांबतो कोण? ज्याला अभ्यासाची गोडी आहे, ज्याच्या घरी संध्याकाळी गुरे बांधायला दुसरे माणूस आहे, तो. ज्या मुलीला घरी जाऊन धाकट्या भावाला सांभाळायचे आहे, ती थांबूच शकत नाही. तिचे गुण कमी पडले, तर ते जादा तास चुकल्याने की घरच्या ओझ्याने, हे नुसत्या गुणपत्रिकेवरून कसे कळणार?

आणि चौथी शंका काळाची. २००२ नंतर आपल्या जिल्ह्यात बीटी वाढले, तसेच मोबाईलचे टॉवर वाढले, मोटारसायकली वाढल्या, इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या वाढल्या. काळाबरोबर वाढणाऱ्या कोणत्याही दोन गोष्टी घ्या, त्यांचा सहसंबंध घट्टच निघेल. शिवाय रेघ कोठे सुरू करायची आणि कोठे थांबवायची, हे रेघ काढणाऱ्याच्या हातात असते. मी फळ्यावरची रेघ २००६ पाशी थांबवली होती. पुढची दोन-तीन वर्षे मी काढली असती, तर नोंदींची रेघ थोडी खाली वळली आणि बीटीची मात्र चढतच राहिली, असे लोकांना दिसले असते. मी खोटे बोललो नव्हतो. पण पुरतेही बोललो नव्हतो.

हे सगळे विलायतेतून आलेले ज्ञान आहे असे मात्र समजू नका. आपल्या नैयायिकांनी याचा कीस काढलेला आहे. कार्याच्या आधी जे नेमाने असते, तेवढ्यावरून ते कारण ठरत नाही. ते अन्यथासिद्ध नसले पाहिजे, असे ते म्हणत. उदाहरण मोठे गमतीचे देत. कुंभाराने घडा केला. घड्याच्या आधी माती होती, चाक होते, कुंभार होता. आणि माती वाहून आणणारे गाढवही होते! मग गाढव घड्याचे कारण का नाही? कारण गाढवावाचूनही माती येऊ शकते. डोक्यावरून आणली तरी घडा होतोच. तसाच त्यांचा उपाधीचा विचार. धूर तेथे अग्नी, हे खरे. पण अग्नी तेथे धूर, हे खरे नव्हे. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर कोठे आहे? धूर निघतो तो सरपण ओले असते म्हणून. ओले सरपण ही तेथे उपाधी. आजचे संख्याशास्त्रज्ञ ज्या तिसऱ्या गोष्टीच्या शोधात असतात, ती या उपाधीची सख्खी बहीण आहे. चुलीपुढे बसणाऱ्या आपल्या आया-बहिणींना तर ती न्यायशास्त्र न वाचताच ठाऊक आहे.

आता पुन्हा आपल्या कापसाकडे वळू. येथे एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. हा दोष एकाच बाजूचा नाही.

एक बाजू म्हणते, बीटी आले आणि आत्महत्या वाढल्या, म्हणून बीटी हे कारण. दुसरी बाजू म्हणते, बीटी आले आणि उत्पादन वाढले, म्हणून बीटी हे कारण. २००२-०३ मध्ये देशात हेक्टरी रुईचे उत्पादन सुमारे ३०० किलो होते, ते २००७-०८ पर्यंत साडेपाचशेच्या घरात गेले. हे आकडे खरे आहेत. पण नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे संचालक राहिलेले केशव क्रांती आणि अमेरिकेतील मानवशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांनी २०२० साली या वाढीची फोड करून दाखवली. अधिकृत बीटीचे क्षेत्र अगदी थोडे होते, त्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच उत्पादनाने मोठी उडी घेतली होती. आणि पुढे जवळजवळ सगळा कापूस बीटी झाल्यावर उत्पादन वाढायचे थांबले. त्याच काळात रासायनिक खतांचा वापर वाढला होता, नवी कीटकनाशके आली होती, गुजरातेत सिंचन वाढले होते. म्हणजे येथेही जू एक आणि बैल अनेक. सर्वच तज्ज्ञांना त्यांचे म्हणणे मान्य आहे असे नाही. पण दोन्ही बाजूंच्या फळ्यावर तीच दोन रेघांची चूक आहे, हे आपण ओळखले पाहिजे. जो निष्कर्ष आपल्याला आवडतो, त्याचा पुरावा आपण कमी तपासतो; हा मनुष्यस्वभाव आहे.

२००८ साली आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी उपलब्ध पुरावा तपासून म्हटले, की बीटी कापूस हे आत्महत्यांचे आवश्यक कारणही नाही आणि पुरेसे कारणही नाही. त्याच्यावाचूनही घटना घडल्या आहेत, आणि तो असूनही बहुतेक घरी घडलेल्या नाहीत. हे बरोबर आहे. पण येथेही सावध राहा. विडी-सिगारेट हे फुप्फुसाच्या कर्करोगाचे आवश्यक कारण नाही. न ओढणाऱ्यालाही तो होतो. पुरेसेही नाही, ओढणारे कित्येक म्हातारे होऊन दुसऱ्याच दुखण्याने जातात. तरीसुद्धा ते कारण आहेच. तेव्हा आवश्यक नाही आणि पुरेसे नाही, एवढ्यावरून कोणी निर्दोष ठरत नाही. २०१५ साली कॅलिफोर्नियातल्या अभ्यासकांनी प्रश्न जरा निराळा विचारला. सगळा बीटी कापूस एकत्र न धरता त्यांनी पावसावर अवलंबून असलेला कापूस वेगळा काढला, आणि तेथे कमी उत्पादन, वाढलेला खर्च आणि आत्महत्या यांचा संबंध त्यांना दिसला. तोही सहसंबंधच, अंतिम निर्णय नव्हे. पण प्रश्न शहाणा झाला. २००६ पूर्वी साडेचारशे ग्रॅमचे पाकीट सोळाशे रुपयांच्या आसपास पडत होते. ओलिताच्या शेतात ते पेरणे निराळे, आणि बरड जमिनीत, उसन्या पैशाने, मृगाच्या भरवशावर पेरणे निराळे. बियाणे चांगले की वाईट, असा प्रश्न विचारला की भांडण होते. कोणत्या जमिनीत, कोणाच्या पैशाने, पाऊस हुकला तर काय, असा विचारला की विचार सुरू होतो.

आणि कर्जाचे काय? मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतील श्रीजित मिश्रा यांनी २००६ साली महाराष्ट्र शासनाला अहवाल दिला. वर्धा, वाशीम आणि यवतमाळ या तीन जिल्ह्यांतील १११ घटनांची त्यांनी घरोघरी माहिती घेतली. त्यांपैकी ९६ घरांवर, म्हणजे शेकडा ८६.५ घरांवर, कर्ज होते. ४५ ठिकाणी पीक बुडालेले होते. आपण काय करतो? हा ८६.५ चा आकडा ऐकतो आणि पुढचे ऐकणे थांबवतो. पण आजोबांचा प्रश्न येथेही विचारा. शेजाऱ्याचा हिशेब कोठे आहे? समजा, घटना न घडलेल्या घरांतही शंभरात इतकीच घरे कर्जात असली, तर नुसते कर्ज असणे या दोन प्रकारच्या घरांना वेगळे करीत नाही. मिश्रांनी हा प्रश्न टाळला नाही, म्हणून त्यांच्या कामाचे मोल आहे. घटना न घडलेल्या घरांचीही त्यांनी पाहणी केली आणि दोहोंची तुलना केली. तेव्हा दिसले, की घटना घडलेल्या घरांवर सरासरीने थकीत कर्ज जास्त होते, मालमत्ता कमी होती आणि विशेषतः बैल कमी होते.

पण गुरुजी, एवढ्यावरही थांबू नका. बैल नव्हते म्हणून घर खचले, की घर खचत गेले म्हणून बैल विकावे लागले? पोळ्याच्या दिवशी ज्याच्या दारात बैल नाही, त्याच्या मनाला काय वाटते हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. पण कोणते आधी आणि कोणते नंतर, हे एका भेटीतल्या पाहणीतून कळत नाही. आणि ते न कळता उपाय केला तर? जुलै २००६ मध्ये विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज आले, त्यात दुभती जनावरेही होती. जनावर असलेले घर तगते, हे खरेच. पण चाऱ्या-पाण्याची सोय नसलेल्या घरांना ते जनावर जड गेल्याच्या तक्रारी त्या काळी पुष्कळ झाल्या. जनावर घर तगवते की तगलेले घर जनावर पोसते, हा प्रश्न म्हणूनच नुसता पुस्तकी नाही.

एक सूक्ष्म गोष्ट आणखी आहे, आणि ती आपल्या कचेरीतल्या फायलींत दडलेली आहे. शासनाच्या एक लाख रुपयांच्या मदतीसाठी घटना पात्र की अपात्र हे ठरवले जाई, आणि पात्रतेच्या अटींत शेत नावावर असणे आणि बँकेचे किंवा मान्यताप्राप्त सावकाराचे कर्ज थकलेले असणे, या अटी होत्या. आता कोणी फक्त पात्र प्रकरणांची यादी घेऊन अभ्यास केला, तर त्याला प्रत्येक घरी कर्ज सापडेल. सापडणारच! कर्ज नसते तर ते घर यादीत आलेच नसते. हा संबंध शेतात उगवलेला नाही, कागदावर पेरलेला आहे. आणि बापाच्या नावच्या शेतात राबणारा मुलगा, ठोक्याने शेत करणारा, नवऱ्याच्या नावचे शेत कसणारी बाई, यांचे दुःख त्या यादीत शिरलेच नाही. म्हणून आकडा हातात आला की पहिला प्रश्न विचारावा: ही यादी कोणी केली, आणि तिच्यातून बाहेर कोण राहिले?

आता तुम्ही म्हणाल, "सर, मग सहसंबंध कुचकामीच का? शंकाच काढत बसलो तर काम कधी करायचे?" रास्त प्रश्न आहे. सहसंबंध म्हणजे निकाल नव्हे, पण ती फिर्याद तरी आहे. फिर्याद आली की चौकशी करावी, ती फाडून टाकू नये. १९५० साली इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी रुग्णालयांतील फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रोग्यांची दुसऱ्या रोग्यांशी तुलना केली आणि धूम्रपानाशी संबंध दाखवला. रोनाल्ड फिशर हा त्या काळचा थोर संख्याशास्त्रज्ञ. तो म्हणाला, कदाचित आनुवंशिक घडणच अशी असेल, की ती माणसाला सिगारेटही ओढायला लावते आणि कर्करोगही देते. शंका शास्त्रशुद्ध होती. पण चौकशी चालू राहिली. जो जास्त ओढतो त्याला धोका जास्त, जो सोडतो त्याचा धोका पुढे कमी होतो, देशोदेशी तेच दिसते, आणि धुरातल्या विषाने पेशींचे काय होते तेही प्रयोगशाळेत कळले. असे चारही बाजूंनी साक्षीदार आले तेव्हा फिर्याद सिद्ध झाली. शंका घेणे हे शास्त्राचे काम; पण पुरावा आल्यावर शंकेलाच कवटाळून बसणे, हे शास्त्र नव्हे.

आपल्याच जिल्ह्यातला २०१७ चा पावसाळा आठवा. कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेकडो माणसे दवाखान्यात गेली आणि किमान वीस जण दगावले. त्या वेळी पुष्कळ कारणे पुढे आली. औषधांची मिश्रणे, डोक्याइतकी वाढलेली पऱ्हाटी, जोराने फवारणारे नवे पंप, दमट उकाडा, तोंडाला फडके नाही, हातात मोजे नाहीत. यांतले नेमके कोणते, म्हणून वर्षभर वाद घालत बसायचे काय? नाही. अशी कीटकनाशके श्वासावाटे आणि कातडीवाटे शरीरात जाऊन मज्जासंस्थेवर घाव घालतात, हे आधीपासून सिद्ध आहे. फवारणी आधी आणि चक्कर नंतर, हा क्रमही उघड आहे. येथे एकच कारण शोधणे हीच चूक. ही सगळी मिळून विषाचा एक रस्ता मोकळा करीत होती. तो रस्ता जेथे सहज अडवता येतो तेथे आधी अडवावा. मिश्रणे करू नयेत, वाऱ्याविरुद्ध फवारू नये, अंग झाकावे, डोके दुखू लागताच पंप खाली ठेवून साबणाने अंग धुवावे आणि दवाखाना गाठावा. खात्री किती हवी, हे चुकीची किंमत किती आहे त्यावर ठरते.

मग कारण खात्रीने कळण्याची रीत कोणती? ती शेतातच जन्मली आहे. इंग्लंडमधील रॉथमस्टेडच्या कृषी संशोधन केंद्रात याच फिशरने १९२०-३० च्या सुमारास ती बसवली. आपण काय करतो? नवे बियाणे आणले की ते सर्वांत चांगल्या, काळ्या, कसदार तुकड्यात पेरतो, जुने बरडावर ढकलतो, आणि मग म्हणतो, नवे बियाणे सरस. फिशर म्हणाला, शेताचे बरेच वाफे पाडा आणि कोणत्या वाफ्यात कोणते बियाणे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. म्हणजे जमिनीचा कस, ओल, बांधावरच्या बाभळीची सावली, सगळे दोहोंच्या वाट्याला सारखेच येण्याचा संभव. मग जो फरक उरेल, तो बियाण्याचा. हे शास्त्र आपल्या देशातल्या शेतीत रुजवणारे दोघेही मराठी होते. इंदूरच्या संस्थेत कापसावर काम केलेले वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे. त्यांनी मिळून लिहिलेले, शेतीच्या अभ्यासकांसाठीचे संख्याशास्त्राचे इंग्रजी पुस्तक भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ साली काढले आणि कृषी महाविद्यालयांतल्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या.

माणसांच्या बाबतीत चिठ्ठ्या टाकणे नेहमी शक्य नसते, आणि पुष्कळदा योग्यही नसते. तरी तुलना करता येते. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवले, आणि त्याच भागातल्या ४७ गावांत नेहमीचीच व्यवस्था ठेवून मोजणी केली. काम सुरू होण्याआधी दोन्हीकडे बालमृत्यू किती होते, हेही मोजून ठेवले होते. तिसऱ्या वर्षी त्या ३९ गावांतले नवजात बाळांचे मृत्यू तुलनेने ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. १९९९ साली ‘लान्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि पुढे देशाच्या आरोग्यधोरणात ते उतरले. त्या ४७ गावांचा हिशेब ठेवला नसता, तर कोणीही म्हटले असते, की बाळे काळाबरोबर आपोआपच वाचू लागली. शेजाऱ्याचा हिशेब ठेवला, म्हणून उत्तर मिळाले.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक विनंती आहे. आठवड्यातून एक तास असा ठेवा, की ज्यात मुलांनी वर्तमानपत्रातली किंवा मोबाईलवर आलेली एक बातमी आणावी. अमुक खाल्ल्याने तमुक बरे झाले, अमुक आले आणि तमुक वाढले, अशी. फळ्यावर चार खण काढा आणि मुलांना रिकामे खण दाखवायला सांगा. मग विचारा, आधी काय घडले आणि नंतर काय? दोघांच्या मानेवर एकच जू आहे का? यादी कोणी केली? सहसंबंधाचे सूत्र त्यांना पुढे कॉलेजात येईलच. हे प्रश्न मात्र पाचवीतल्या मुलालाही झेपतात. त्या आजोबांना ते शाळेत न जाताच झेपले होते.

आणि शेतकरीबंधूंनो, कृषिकेंद्रावर कोणी म्हणाले, की अमक्याने हे औषध मारले आणि त्याला एकरी बारा क्विंटल झाले, तर भांडू नका. एवढेच विचारा: ज्यांनी मारले नाही त्यांना किती झाले? ज्यांनी मारले आणि तरी झाले नाही, ते किती? त्याच्या शेतात ओलित होते का? आणि जमले तर यंदा आपल्याच शेतात चार तासे तशीच सोडून पाहा. तेवढी चार तासे तुम्हाला दुकानदारापेक्षा खरे सांगतील.

एखाद्या घरावर दुःख कोसळते, तेव्हा कारण एका शब्दात सांगण्याची आपल्याला घाई होते. कोणी म्हणतो बियाणे, कोणी म्हणतो कर्ज, कोणी म्हणतो दारू, कोणी म्हणतो घरातले भांडण. एका शब्दात कारण सांगितले, की आपली जबाबदारी संपते आणि आपण निश्चिंत होतो. पण मेलेल्या माणसाविषयी चुकीचे कारण सांगणे हा जसा त्याच्यावर अन्याय आहे, तसाच तो पुढच्या माणसाला दिलेला धोकाही आहे. कारण त्याच्या दारी आपण चुकीचे औषध घेऊन जाणार असतो. त्या संध्याकाळी माझ्या टाळ्या थांबवणारे आजोबा आता हयात नाहीत. पण फळ्यावर दोन रेघा काढल्या, की अजूनही मला त्यांचा आवाज ऐकू येतो, आणि मी खडू खाली ठेवून आधी शेजाऱ्याचा हिशेब विचारतो.

तुम्हीही विचारा.